मिठाची बरणी

रविवार

आमच्या बिबवेवाडीच्या लेखनगटात गोष्ट लेखकाचं नाव न सांगता वाचायची. नियम माझाच. आजच्या गोष्टीतली बायको जेवताना विचारते, “मीठ बरोबर आहे ना?” नवरा उत्तर देत नाही, नुसती मिठाची बरणी पुढे ओढतो.

मी म्हणालो, “इतका घुमा माणूस कुठे असतो? पात्र पटत नाही.”

सगळे हसले. सुमन, माझी बायको, खाली मान घालून माझं म्हणणं वहीत उतरवत होती. मला वाटलं, कौतुकाने.

मघाशी जेवताना तिने विचारलं, “अहो, मीठ बरोबर आहे ना?” माझा हात आधीच बरणीवर होता. ती बघत राहिली. गोष्ट चांगली आहे, एवढं तरी मी तेव्हा म्हणायचं होतं.

ते सोडून इथे डायरीत लिहीत बसलोय.