डावं चाक

कोयनानगर,
ऑक्टोबर १९७७

प्रिय हंबीरराव,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तर नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, घाल. पाठ धरली आहे, गुडघे कुरकुरतात, पुढच्या महिन्यात नोकरीतून मोकळा होतोय आणि अंगात आता काही राहिलेलं नाही. पण खरं सांगायचं तर उशिराचं कारण यातलं एकही नाही. चार वेळा कागद पुढ्यात घेतला आणि चारही वेळा घडी घालून ठेवून दिला. आमची हरणाबाई म्हणाली, आवं, मैतराला पत्र लिवताय का कोर्टाचा कागूद करताय? मी तिच्यावर उगाच खेकसलो.

तू लिहितोस, पलुसात तुमच्या भावकीतल्या दादासोनं ट्रॅक्टर घेतलाय, दोन चाकांची ट्रॉली घेतलीय आणि ऊस कारखान्यावर न्यायला ड्रायव्हर म्हणून तूच हवास असा हट्ट धरून बसलाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला हो की नाही ते सांगायचं आहे. आणि तू म्हणजे सहा वर्षं स्टिअरिंगला न शिवलेला माणूस. नुसता वर बसलास आणि चावी न फिरवताच खाली उतरलास. शेवटी लिहिलंस, नाथाजी, तू एकदा यिऊन ट्रॉलीची चाकं आन् ब्रेक बघून जा, तुजा हात फिरला की मला धीर यील, दुसऱ्या कुणावर माजा भरवसा न्हाई. हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. मी येणार नाही, हंबीरराव. राग मानू नकोस गड्या. चाक कसं उघडायचं नि कसं बंद करायचं ते सगळं लिहून देतो, तुझं तू कर. ड्रायव्हर असूनही तू कधी चाकाच्या आत डोकावला नाहीस. ते नाथाजीचं काम, म्हणायचास.

आधी जॅक लाव. जॅकवर विसंबू नकोस, खाली बाभळीचा ओंडका दे. चाक हातानं फिरव आणि कान लाव. घरघर आली तर बेअरिंग गेलं समज. मग वर-खाली धरून हलव, खडखडलं तर आतला नट ढिला आहे. चाकाच्या मध्यावरची टोपी काढ, पिन काढ, नट काढ, बेअरिंग बाहेर घे. जुनं ग्रीस रॉकेलनं धू, फडक्यानं पूस, उन्हाला ठेव. रोलर निळे पडलेले दिसले तर ते जळलेत, तेवढी एक खेप मारतो म्हणू नकोस. नवं ग्रीस तळहातावर घे आणि बेअरिंग त्यात दाबत राहा, पलीकडून ग्रीस बाहेर येईपर्यंत. नुसतं वरून बोट फिरवणं म्हणजे भाकरीला तूप दाखवणं. ब्रेकच्या पट्ट्यांना मात्र ग्रीसचा हात लागू देऊ नकोस, नाहीतर भरल्या उसाची ट्रॉली उतारावर तुझं ऐकायची नाही. पट्टी झिजून रिबिटांना टेकली की बदल. आणि कारखान्याच्या वाटेवर पाच-सहा मैलांवर थांबून चाकाच्या मध्यावर हात ठेवून बघ. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नसेल तर पुढं जाऊ नकोस, मागून कुणी का ओरडेना.

आपल्या सर्व्हेच्या कॅम्पावरचा तो ट्रेलर आठवतो का रं? आत चार पलंग, स्टोव्ह, खिडकीला पडदे. आपला आचारी कोंडीबा त्याला साहेबाचा बंगला म्हणायचा आणि तू जीपला जोडून बंगला फिरवायला नेतो म्हणायचास. कोंडीबा आत बसून कांदे चिरायचा, आणि वळणावर पातेली पडली की तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. लय हसायचो आपण. काय दिवस होते!

कोंडीबा बरा आहे. कुबडी घेऊन चालतो, ऑफिसच्या गेटासमोर चहाची टपरी टाकलीय. तू दर साली पलूसहून काकवी पाठवतोस ना, ती आली की मला हाक मारतो. भाकरीवर ओततो आणि म्हणतो, हंबीऱ्याचं मन लय मोटं, त्याच्या हातनं व्हायचं ते झालं, आपुन न्हाई धरत मनात. मला तो घास गिळवत नाही रे. पित्त झालंय सांगतो आणि उठतो. सहा वर्षं माझं पित्तच चाललंय.

आता नटाचं सांगतो, तेच राहिलं होतं. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, चाक जड होईपर्यंत. मग एक खाच मागं घ्यायचा. मग नटाच्या खाचेतून पिन आरपार घालायची आणि तिची दोन्ही टोकं पकडीनं वळवायची. ही पिन नसली तरी चाक सुरुवातीला झकास फिरतं, ड्रायव्हरला काही म्हणता काही कळत नाही. दोन-चार मैल, दहा मैल. मग नट हळूहळू मागं येतो. डाव्या चाकाचा तर लवकरच येतो, कारण ते पुढं पळतं तसा नट सुटायच्या बाजूला ओढला जातो.

त्या साली खंडेनवमीला मी बंगल्याची चाकं उघडली होती. उजवं पूर्ण झालं. डाव्याचा नट बसवला आणि तेवढ्यात मंडळी पूजेला घाई करायला लागली. माझी पेटी नेली, पाने-पकडी धुतल्या, पोत्यावर मांडून हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. पूजेतलं हत्यार दसरा उजाडून पूजा उतरवल्याशिवाय उचलत नाहीत, बापजाद्यांपासून कुणी उचललेलं नाही. पकड तिथं, पिन माझ्या हातात. म्हटलं, उद्या सकाळी वळवू. बंगल्यालाही हार घालायचा होता, चाक उघडं बरं दिसेना, म्हणून टोपी हातानं ठोकून बसवली आणि पिन खाकी शर्टाच्या खिशात टाकली. दसऱ्याला उजाडताच साहेबाचा निरोप आला, बंगला दुपारच्या आत साताऱ्याला हवा. तू चाकाखाली लिंबू ठेवलंस आणि मला विचारलंस, नाथाजी, चाकं बघितलीस न्हवं? मी देवीला निघालो होतो, अंगावर नवा सदरा होता. म्हणालो, व्हय, जा बिनघोर.

पाटणच्या अलीकडच्या उतारावर तुझा ब्रेक चुकला नव्हता, हंबीरराव. डावं चाक बंगला उलटताना निखळलं नव्हतं, आधीच सुटलं होतं. ब्रेक मारायला उशीर झाला म्हणून तू सहा वर्षं स्वतःला खातोयस, आणि मी ते खाऊ दिलं. पिनेची आठवण मला देवळाच्या पायरीवर झाली. कॅम्पावर पळत आलो तोवर बंगल्यात बसून गेलेल्या कोंडीबाला दवाखान्यात नेलं होतं. चौकशीत साहेबानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, दोन्ही चाकं मीच बंद केली होती. ते खरंच होतं, आणि त्याच खऱ्यावर मी तुझी नोकरी खाल्ली. मला तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून येत नाही, गुडघ्यांचं निमित्त नको. काल कोंडीबाला सगळं सांगितलं. त्यानं माझ्या पुढ्यातला चहाचा कप उचलून मोरीत ओतला. आज ऑफिसातही लिहून दिलं, पुढं काय करतील ते करोत. हरणाबाईला शर्ट धुताना खिशात सापडलेली पिन सहा वर्षं माझ्या पेटीत होती, ती या पाकिटात घातली आहे. ती ट्रॉलीला लावू नकोस, जुनी आहे. नवी घे, टोकं तुझ्या हातानं वळव आणि दादासोला हो म्हण.

तुझाच, अजून म्हणू दिलंस तर,
नाथाजी