वाढत असलेली

अण्णा,

६ जून १९४९, सोमवार, सकाळी सव्वानऊ. तुमच्या लक्षात राहिलं नसेल. माझ्या आहे, कारण मी शाळेला निघाले होते आणि तुम्ही मला स्वयंपाकघराच्या दारात थांबवलंत. संस्थान विलीन झाल्यापासून तुमचं दफ्तर उर्दूतून इंग्रजीत चाललं होतं. वीस वर्षं देखणं उर्दू लिहिलेला माणूस कॉन्व्हेंटमधल्या मुलीच्या डिक्शनरीतून मसुदे जुळवत होता. रोज सकाळी तुम्ही शब्द विचारायचात आणि मी सांगायची. मला त्याचा गर्व होता. त्या घरात मला दुसरं काही कोणी विचारत नसे.

"मोठी होत चाललेल्या मुलीला इंग्रजीत काय म्हणतात?"

"यंग."

"ते मलाही येतं. दफ्तरी शब्द सांग. आपल्याकडे बालिग आहे, नाबालिग आहे. यांच्याकडे मधलं काही आहे का?"

आई पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "तिलाच काय विचारता? सुरीला धार लावायला बकऱ्यालाच बोलवायचं का?" ती रागात नेहमीच असं बोलायची म्हणून मी लक्ष दिलं नाही. डिक्शनरी आणली, पान काढलं आणि वाचून दाखवलं: अ‍ॅडोलसंट. मूल नाही, बाई नाही, अजून वाढत असलेली. तुम्ही एकेक अक्षर उतरवून घेतलंत आणि म्हणालात, "वा. काय नेमका शब्द आहे." अशी शाबासकी तुम्ही मला त्याआधी कधी दिली नव्हती. मग कागद पाकिटात घालून माझ्याच हातात दिलात. शाळेच्या मदरना दे म्हणून.

मदरनी तो माझ्यासमोर वाचला. मुलगी अ‍ॅडोलसंट झाल्यामुळे तिला यापुढे शाळेत पाठवणं उचित नाही, तरी पटावरून नाव कमी करावं. त्यांनी घडी घातली. "तुझ्या वडिलांचं इंग्रजी सुधारलंय," म्हणाल्या.

रझाकारांच्या दिवसांत मी रोज त्याच रस्त्याने शाळेत गेले होते, आणि शांतता झाल्यावर तुम्ही मला घरी बसवलंत. दफ्तरातून माणसं कमी होत होती. नोकरी हातात आहे तोवर पोरीचे हात पिवळे करावेत, एवढाच तुमचा हिशेब होता, हे मला आता कळतं. कळलं म्हणून मी तो मानायला बांधलेली नाही. मी चौदा वर्षांची होते. मार्गशीर्षात लग्न झालं. पुढल्या वर्षी कोठीजवळच्या जनाना दवाखान्यात मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली.

पुढे तिशीत मी मॅट्रिक झाले, आणि हिमायतनगरच्या शाळेत निवृत्तीपर्यंत इंग्रजी शिकवलं. तो शब्द दरवर्षी यायचा. मुली वाक्यात उपयोग करायच्या. तुमचं वाक्य माझ्यासमोर आलं असतं तर लाल शाईने कापलं असतं. जी वाढते आहे तिला वाढू द्यायचं असतं, अण्णा. त्या शब्दाचा दुसरा कुठलाही उपयोग नाही.

तरी त्याआधीच तो मला आणखी एकदा भेटला होता. दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली. मूल का गेलं त्या रकान्यात दोन शब्द होते: अ‍ॅडोलसंट मदर. तुम्ही टांगा थांबवून उभे होतात. चिठ्ठी माझ्या हातातून घेतलीत, बराच वेळ पाहत राहिलात आणि विचारलंत, "काय लिहिलंय?"

"अशक्तपणा," मी म्हणाले.

ते खोटं होतं. तुमचा चेहरा पाहून मी खोटं बोलले, आणि आईलाही कधी खरं सांगितलं नाही. हे पत्रही कुठे जाणार नाही, तुमच्या मसुद्यांच्या जुन्या वहीतच राहील. पण उत्तर मला लेखी हवं आहे, सर्वपित्री अमावास्येच्या आत, म्हणजे तुमचं पान वाढायचं की नाही ते ठरवता येईल. दुसरं काही लिहू नका. चिठ्ठीवरचा तो शब्द तुम्हाला ओळखू आला होता का, एवढंच लिहा. तुम्ही तो स्वतःच्या हाताने, एकेक अक्षर करून उतरवला होतात.