कोपरा फाटलेली अठरा कार्डं

मुलुंड,
रविवार, १२ फेब्रुवारी १९५६

ती. सौ. सुगंधावहिनींना मृणालिनीचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळी ठणठणीत. दादाचा खोकला गेला असेलच. नसेल तर त्याला म्हणावं, आधी विडी सोड. आईचे गुडघे कसे आहेत? (मी विचारलं असं तिला सांगू नका. ‘दुसऱ्यांची शेंबडी पोरं पुसायला शिकवलं का तुला?’ हे तिचं वाक्य मी तीन वर्षांत विसरलेले नाही, आणि मी दिलेलं उत्तर तीही विसरली नसेल.)

तर पोरं मजेत आहेत. आता अठरा झाली, त्यामुळे बालमंदिर व्हरांड्यातून पुढच्या खोलीत आलं आणि हे मागच्या खोलीत गेले. गेल्या महिन्यात मी ठरवलं, की आपल्यासाठी राबणाऱ्या माणसांचे मुलांनी आभार मानायचे, तेही स्वतःच्या हातच्या चित्रांनी. पोस्टमन, दूधवाला, झाडूवाली, फाटकवाला, कंपाउंडर, कोणालाही वगळायचं नाही. पोस्टाची कोरी कार्डं आणली, हळद, कुंकू आणि नीळ कालवली, आणि मुलांनी कार्डं रंगवली (शिवाय जमीन, आणि ह्यांचं धोतर). पत्ते मी घातले. एवढ्यात साडेतीन वर्षांच्या नंदकुमारने आपल्या कार्डाचा कोपरा दातांनी तोडला आणि भोकाड पसरलं, की माझं एकट्याचंच का फाटलं! बालशिक्षणात न्यायाला फार महत्त्व आहे. मी उरलेल्या सतरा कार्डांचे कोपरे फाडले. रडं तत्काळ थांबलं. मग मिरवणुकीने जाऊन आम्ही कार्डं पेटीत टाकली आणि मुलांनी पेटीला नमस्कार केला.

आता तुम्ही कपाळाला हात लावला असेल. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी, ते घरात न्यायचं नाही, बाहेरच वाचून फाडायचं आणि अंघोळ करायची, हे मलाही तुमच्याइतकंच ठाऊक आहे हो. पण काही आठवायचं तर आधी अठरा मुलं घरी जावी लागतात. ती गेली तोवर पेटी रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मुलुंडातल्या डझनभर माणसांनी डोक्यावरून पाणी घेतलं. दशरथ दूधवाल्याच्या कार्डावर क्षमाने (वय चार, हात फार सुरेख) म्हैस काढली होती, आणि शेजारी दोरी घेतलेला दशरथ. त्याला त्यात रेडा, पाश आणि साक्षात यम दिसला. ओल्या पंच्यानिशी येऊन तो आमच्या पायरीवर बसला. म्हणाला, “बाई, आजपासून दुधात पाणी बंद! पण हे परत घ्या ना!” तेव्हापासून अख्ख्या गल्लीला दाट दूध मिळतंय. लोक माझे आभार मानतात. मी ते स्वीकारते.

खरी वाट लागली ती सहदेव पोस्टमनची. तो मालवणकडचा, म्हातारी आई गावात एकटी. पत्रं लावताना त्याला स्वतःच्या नावाचं कार्ड दिसलं, कोपरा दिसला, आणि त्याने ते उलटून पाहिलंच नाही. नळावर अंघोळ केली आणि सकाळच्या बोटीने गेला. हे कळल्यावर, वहिनी, मी घाबरले. त्याची नोकरी गेली तर? आणि पोराने चार वर्षांनी घरी जायचं ते असं रडत? आठ दिवस मी मुलांकडून गाणी म्हणून घेत होते आणि डोळे फाटकाकडे होते.

नवव्या दिवशी तो आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर हा हसतोय! आई अंगणात लाकडं फोडत होती म्हणे. ह्याला पाहून ओरडली, “रडतंस कित्या रे? मी मेलंय काय?” मग पाच-सहा दिवस कुळथाची पिठी आणि भात. जाताना तो म्हणाला, “बाई, चार वर्षं मी सांगत होतो, रजा मिळत नाही. मागितली तर पोस्टमास्तरांनी पाच मिनिटांत दिली.” त्या दिवशी मी मुलांना तासभर आधीच घरी सोडलं. (हे माझ्या स्वभावात बसत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे.)

एकूण प्रयोग यशस्वी झाला, असंच माझं मत आहे. दादाला नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमची,
मृणालिनी

ता. क. : पुढच्या वर्षी कागदाच्या टोप्या करणार आहोत. टोपीला कोणी घाबरत नाही.

आणखी ता. क. : बालमंदिराला सुट्टी नसते म्हणून येता येत नाही, असं मी तुम्हाला तीन वर्षं लिहीत आले. वहिनी, बालमंदिर माझंच आहे, सुट्टीही मीच देते. शनिवारच्या बोटीने रत्नागिरीला येतेय. आईला आधी सांगू नका. ती नको म्हणाली, तर पुन्हा यायचा धीर मला होणार नाही. समोर पाहून ती आत निघून गेली, तर मी ओटीवर बसून राहीन. रुसलेलं माणूस आपणहून बाहेर येईपर्यंत बसायचं कसं, ते आता मला पक्कं जमतं. तेवढा वेळ तुम्ही फक्त दाराला कडी लावू देऊ नका.