गंजकी घासणी

सोमवार, ३ तारीख

प्रयोगशाळेतल्या चष्मेवाल्या पोरीच्या काचेच्या भांड्याला बुडाशी काळा डाग. त्यात ती निकेलच्या जाळीचा तुकडा सोडते, वीज देते, मग म्हणे पाण्याचे दोन वायू वेगळे होतात. होऊ देत! डाग काही जाईना. बेसिनवर पाटी – तारेची घासणी वापरू नये. माझ्या पिशवीत होती. घरच्या घासणीचे दोन तुकडे केलेत, एक सासूबाईंकडे, एक माझ्याकडे. गंजकी, पण डागाला वस्ताद. घासलं खसाखसा, नळाखाली एकदा फिरवलं, ठेवून दिलं. पाटी लिहिणाऱ्यानं जन्मात कधी भांडं घासलंय का!

मंगळवार, ४

चष्मेवाली नाचली! खरंच नाचली. "मावशी, बघा तरी!" बघितलं. जाळीवर बुडबुडे – मोहरीहून बारीक, एकामागून एक वर चाललेत, संपतच नाहीत. तळाशी कुणी झोपलंय आणि श्वास घेतंय, असं वाटलं. फरशी पुसायची राहूनच गेली.

एरवी याला सोन्याच्या वरताण महाग धातू लागतो म्हणे. हिचं स्वस्तातल्या निकेलवर झालं. महिनाअखेर हिची मुदत संपते. हे जमलं तर इथं राहील, नाहीतर बाडबिस्तरा आवरायचा.

बुधवार, ५

सासूबाईंना सांगितलं. डोळ्यांना दिसत नाही, पण प्रश्न नेमका. "पाण्याचा वायू झाला, तर त्यातला ओलेपणा कुठं जातो गं?"

भांडी आवरता आवरता तेच डोक्यात.

दुपारी डोळा लागला. सगळं घर बुडबुड्यांनी भरलेलं, आणि सासूबाई पलंगासकट तरंगत छताशी. हसत होत्या. मी खालून ओरडतेय, अहो पांघरूण तरी सांभाळा!

सोमवार, १०

पुन्हा जमेना. नवी जाळी लावली, जुनी लावली – पाणी नुसतं बसून. मोठे सर म्हणाले, "एकदाच झालं म्हणजे झालंच नाही." पोरगी नखं खातेय.

भांडं धुताना हात थांबला. त्या दिवशी भांडं मी कशानं घासलं होतं? पिशवी उघडून घासणी बघितली.

मंगळवार, ११

सांगायचं नाही. माझ्या आधीची बाई असल्याच चुकीपायी गेली. घासणी कचऱ्यात टाकली.

गुरुवार, १३

सांगितलं. तिचं तोंड बघवेना.

"पोरी, ते भांडं मी तारेनं घासलं होतं. गंजक्या."

सर दारातच! "म्हणजे इतके दिवस आम्ही घाण मोजत होतो?" आणि मला – "उद्यापासून येऊ नका."

चष्मेवाली ओरडली नाही. बघतच राहिली माझ्याकडे, मी म्हणजे जाळीचा तुकडा असल्यासारखी. मग हळूच, "मावशी, कुठाय ती घासणी?"

कुठाय!

शुक्रवार, १४

दिवसभर घरी. भिंतीवरचं ऊन सरकताना बघितलं. किती वर्षांनी! उन्हातली धूळसुद्धा बुडबुड्यांसारखी वर जाते.

तिचा फोन. बाजारातून घासणी आणून बघितली, काही होत नाही. मी विचारलं, कसली आणलीस? चकचकीत, न गंजणारी! अगं, ती काय कामाची! "मला तुमचीच हवी होती मावशी. तिच्यात काय आहे, ते बघायचंय."

मोरीत गेले. दगडाखाली सासूबाईंचा तुकडा. लालभडक, हाताला गंज लागतो असा. त्यांना विचारलं.

"ने. पण परत आण हो. माझा हात बसलाय तिच्यावर."

शनिवार, १५

तुकडा फाटकाशी देऊन आले. आत सोडलं नाही.

बुधवार, १९

सरांचा स्वतःचा फोन – चष्मेवालीच्या हातून होईना, या. गेले. तीन भांडी ओळीनं मांडलेली. "घासा, त्या दिवशीसारखंच." मी म्हटलं, त्या दिवशी मी चिडले होते. "मग चिडा!" चष्मेवाली म्हणाली.

घासली.

तिन्ही भांड्यांत बुडबुडे. भांड्याला चिकटून राहिलेला गंजच निकेलला मदत करतो म्हणे.

गुरुवार, २०

घासणी आता कपाटात, काचेच्या बरणीत. वर चिठ्ठी, सरांच्या अक्षरात – धुऊ नये. मावशींखेरीज कुणी हात लावू नये.

सासूबाई सकाळपासून विचारताहेत, आणलीस का?