प्रवासातलं न प्यायलेलं पाणी

रविवार, कोल्हापूर. संध्याकाळ.

पोचलो एकदाचे. कंबर धरलीय, पाय सुजलेत, पण आज मी स्वतःवर खूश आहे.

सोलापूरला बसमध्ये बसताना सासूबाईंच्या हातात पाण्याची बाटली दिली होती. सांगोल्याच्या पुढे पाहिलं, तर बाटली तशीच भरलेली. ओठ सुकलेले, डोकं खिडकीला टेकलेलं.

"आई, पाणी का नाही प्यायलात?"

"प्यालं की मग जायाला लागतंय. ड्रायव्हरला कसं सांगायचं? बाप्यामाणसं हाईत सगळी."

म्हणजे सकाळपासून थेंब नाही. या उन्हात. राग आला, त्यांचा की माझाच, कोण जाणे. शेजारी बसून मला ती भरलेली बाटली दिसली कशी नाही?

तशीच उठले आणि ड्रायव्हरजवळ गेले.

"इथं थांबा नाही, ताई."

"मग करा. बायकांना जायचंय."

मागे वळले तर आणखी दोघी पदर सावरत उभ्या होत्या. पेट्रोल पंपावर गाडी थांबली. परत आल्यावर आईंनी घटाघटा बाटली रिकामी केली, तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मीही निवांत झाले.

मिरजेनंतर माझा डोळा लागला. हातकणंगल्याच्या अलीकडे जाग आली ती आईंच्याच आवाजानं. सीटचा दांडा धरून उभ्या, आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगत होत्या,

"ओ पावणं, गाडी बाजूला घ्या की. बायका उतरणार हाईत."