सासऱ्यांचा मोतीबिंदू आणि शिडीचे ब्लॉक

तीर्थस्वरूप मामांना वाकून नमस्कार (पाठीत उसण भरल्यामुळे या खेपेस जरा कमी वाकून). तुमची प्रकृती ठणठणीत असेल, आणि मामीची तुमच्यापायी जितकी राहू शकते तितकी असेल, असं धरून चालते. आधी महत्त्वाचं सांगून टाकते: सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, छान झालं, आणि आमच्या घरात माणसं पुन्हा एकमेकांशी बोलू लागली. हुश्श!

झालं होतं असं, की बास्केटबॉलमधला आजवरचा सगळ्यात थोर खेळाडू कोण, यावरून बापलेकांत जुंपली. सासऱ्यांचं दैवत म्हणजे त्यांच्या तरुणपणीचा एक उंचच्या उंच गडी, त्याला ते लाडाने ‘शिडी’ म्हणतात. आमच्या ह्यांचं दैवत आजकालचा, चणीने लहान, लांबून चेंडू टाकणारा ‘भोवरा’. वाद नेहमीचाच, पण त्या दिवशी जेवताना हे बोलून गेले, “बाबा, मोतीबिंदूतून बघितलं की सगळेच थोर दिसतात.” झालं! सासऱ्यांनी ताट सारलं आणि ठरलेलं ऑपरेशन रद्द करून टाकलं. आता डोळे दुरुस्त करून घेणं म्हणजे ते बिघडले होते हे कबूल करणं, असा त्यांचा बिनतोड मुद्दा. अबोला सुरू झाला. डॉक्टरीणबाई बजावत होत्या, उशीर करू नका. एकदा तर जिन्याची शेवटची पायरी दिसलीच नाही आणि सासरे धाडकन खाली आले (चपलांच्या ढिगावर पडले म्हणून निभावलं. तो ढीग आवरायला मी ह्यांना कधीपासून सांगत होते, आता कधीच सांगणार नाही).

शेवटी निवाडा माझ्याकडे आला, कारण मी विमा कंपनीत संख्याशास्त्राचं काम करते. माणसं कधी मरतील याचा अंदाज बांधणारी बाई एवढं सहज सांगेल, असा दोघांचा समज. मी पदर खोचला. नुसते गुण मोजून भागत नाही, मामा. जुना खेळ भरधाव चालायचा, चढाया जास्त व्हायच्या, म्हणून दर शंभर चढायांमागे किती गुण ते काढलं. लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण तेव्हा मिळतच नव्हते, म्हणून प्रत्येकाला त्याच्याच काळातल्या गड्यांशी ताडून पाहिलं. मग तो खेळला तेव्हा संघाचं काय झालं आणि तो दुखापतीने घरी बसला तेव्हा काय झालं, तो फरक. (हाच हिशेब मी स्वयंपाकघराला लावून पाहिला. हे ओट्याशी असले की आमचा संघ सपाटून हरतो.) सगळं जुळत आलं आणि घोडं अडलं ब्लॉकवर. समोरच्याने टाकलेला चेंडू हवेतच थोपवायचा, हे शिडीचं खरं हत्यार, आणि त्याच्या काळी ते कोणी मोजतच नसे. मी जाहीर केलं, जुने सामने पाहून कोणीतरी ब्लॉक मोजल्याशिवाय निकाल नाही.

सासरे टुणकन उठले. जुन्या चित्रफिती त्यांनी जिवापाड जपलेल्या. टीव्हीला नाक लावून मोजायला बसले. हे दारात उभे. थोड्या वेळाने सासरे ओरडले, “बघ, बघ! कसा थोपवला!”

हे अगदी हळू म्हणाले, “बाबा, तो पंच आहे.”

सासऱ्यांनी टीव्ही बंद केला. चष्मा पुसला, लावला, परत पुसला. मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात ते म्हणाले, “माझ्या डोळ्यांपायी शिडीवर अन्याय नको. त्या डॉक्टरीणबाईंना फोन लाव.” आणि मामा, हे ‘लाव’ ते लेकाला म्हणाले! ह्यांनी फोन लावला खरा, पण घंटा वाजताच माझ्या हातात कोंबला. शेवटी मी बोलले.

पट्टी निघाल्यावर सासऱ्यांनी पहिल्यांदा छताकडे पाहिलं आणि एवढी जळमटं कधीपासून आहेत असं विचारलं. (मी कानाडोळा केला.) सध्या दोघं शेजारी बसून ब्लॉक मोजतात, एकेका ब्लॉकवरून घसा फोडून भांडतात, आणि तो गोंगाट ऐकत मी निवांत चहा पिते. असा चहा किती दिवसांत घशाखाली उतरला नव्हता.

तुमची लाडकी (असं तुम्हीच म्हणायचात) भाची

ता. क. चित्रफितींचा आवाज फार खराब आहे. समालोचक काय पुटपुटतो ते दोघांनाही कळत नाही. शिडीचा काळ तुम्ही पाहिलेला. आठवडाभर येऊन ऐकून सांगाल का? सासरे तुमच्याशिवाय कोणावर भरवसा ठेवायला तयार नाहीत. येताना कानाचं यंत्र मात्र लावून या. मामी म्हणते, ते अजून डबीतच आहे.

ता. क. २. मामी, पत्रं आधी तूच फोडतेस म्हणून लिहिते. एवढा भाग फाडून मग मामांना दे. ब्लॉक एकही धरला नाही तरी शिडीच पुढे आहे, आणि ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण निकाल इतक्यात फोडायचा नाही. ह्यांची दाढ दाखवायची राहिली आहे.