लाइट परत आल्यावर

बाबा, आज सकाळी मी पाववाल्या पोदेराला थांबवून त्याच्या टोपलीतली पावाची सगळी काकणं घेतली आणि वाड्यावर घरोघर वाटली. लोक विचारतात, "आजी, नातीचं लग्न ठरलं काय गो?" म्हटलं, त्याहून मोठं. तुम्हाला सांगायचं म्हणून नातीचं पेन घेऊन बसले आहे. चौथीपर्यंतचं माझं अक्षर, सांभाळून घ्या.

नात इथे कारापूरला घरी बसूनच ऑफिसचं काम करते. काडेपेटीएवढी एक पाटी असते, ती शेतातल्या पंपाला लावायची, मग पंप ती चालवते. त्या पाटीच्या पोटात काय काय भरायचं ते जमवून देणारं एक हत्यार तिच्या कंप्युटरवर आहे. त्यात मोठी यादी. हवं त्यावर खूण करायची, की ते सगळं क्रमाने रांधून एकच गोळा हातात देतं. जगभरचे लोक तेच वापरतात म्हणे. नातीने एक राखणदार लिहिला. पाटी तापली, पंप अडला, की तो फोनवर कळवतो. स्वतः चालू झाला, तरी एकदा फोन वाजवतो. त्याला त्या यादीत जागा मिळवून द्यायची होती. हत्यार सांभाळणारे लोक दूरदेशी, त्यांनी तिचं काम दोनदा परत पाठवलं. एकदा म्हणाले, याच्या आधी काय रांधायला हवं ते लिहिलं नाहीस. म्हणजे खोबरं भाजायच्या आधीच वाटायला घेतलंन पोरीने! तिच्या ऑफिसचा साहेब म्हणाला, या खेपेला परत आलं तर काम दुसऱ्याला देतो. पोर जेवेना.

तिसऱ्यांदा सगळं नीट लिहून ती घरापुढच्या बलकांवात पाटी घेऊन बसली होती, मी शेजारी काजूच्या बिया निवडत होते. राखणदार चालू, फोन वाजला, ती खुशीत. आणि लाइट गेली. थोड्या वेळाने आली, पंखा फिरला, पाटीवरचा हिरवा दिवाही लागला. फोन मात्र गप्प.

"आजी, सगळं घातलंय गो मी!" ती रडवेली.

आणि बाबा, मी कुठे बसले होते सांगू? सुर्ल्याच्या खाणीवर, तुमच्या पंपापाशी. दहा वर्षांची मी, तुमची पेज घेऊन आलेय. तुम्ही खड्ड्यातल्या लाल पट्ट्यांच्या काठीकडे बोट दाखवता, "पाण्यार नजर ठेव," आणि वर मुकादमाकडे जाता. लाइट जाते, येते. पंप तसाच पडून. पाणी एकेक पट्टी गिळत चढतंय आणि मी डोळे फाडून बघतेय, कारण बघायलाच सांगितलंत ना! तुम्ही धावत आलात. "बघीत काय रवलंस? लाइट इली, मगे पंपाक उठवतलो कोण? तुझो आजो?" चारचौघांत. मी रडत घरी गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या हातात पोदेराचं एक काकण ठेवलंत.

तर मी नातीला म्हटलं, "घातलंस गो बाय, पण लाइट आल्यावर त्याला उठवतो कोण?"

"कोण म्हणजे? मीच चालू केलेला मघाशी..." आणि ती थांबली. कपाळावर हात मारलान. "आजी! पाटी जागी झाली की याला उठव, ही चिठ्ठीच घातली नाही मी!"

चार ओळी लिहिल्यान. मग मी स्वतः उठून मेन स्विच बंद केला, परत चालू केला. सूनबाई आतून ओरडली, "मिक्सर चाललाय हो माझा!" फोन वाजला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा वाजला. पाच वेळा केलं, मला मजाच वाटत होती.

मग तिने काम पाठवलं, आणि काल त्या दूरदेशच्या लोकांचं उत्तर आलं. घेतलं त्यांनी! आता कुठल्याही देशातल्या माणसाने ती यादी उघडली, की आमच्या पोरीचा राखणदार तिथे असणार. कामाच्या टिपणात तिने खाली एक ओळ लिहिली आहे, पाटी जागी होताच याला उठवण्याची सूचना माझ्या आजीची. ती म्हणते, ही ओळ आता कोणी पुसत नाही.

"तुला सुचलं तरी कसं गो?" तिने विचारलं. मी म्हटलं, सुचलं आपसूक.

ही चिठ्ठी काकणांच्या रिकाम्या पिशवीत घालून कपाटात ठेवते आहे. त्या ओळीत तुमचं नाव हवं होतं, बाबा, मला ठाऊक आहे. पण मी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. मला ती ओळ फार आवडली आहे.